मुन्शीजींच्या तीन रेघा

माझं मूल पोटात आडवं आलं होतं, दाईनं हात टेकले होते, आणि कुडाच्या भिंतीपलीकडे ओसरीवर बसून डेपोचे मुन्शीजी मला विचारत होते, "नाकेदारीणबाई, रेघ 'ताबडतोब'खाली मारू का 'अडली'खाली?"

पहाटेपासून कळा येत होत्या आणि आता ऊन डोक्यावर आलं होतं. दाई म्हणजे वरच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, गोंडीण म्हातारी. टोल्यावरची निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली. तिला घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं माझ्या पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाली, "लेकरू आडवं हाय, बाई. माह्या हातानं नाई फिरून राह्यलं. डाक्टर बलाव." आमचे हे साहेबाबरोबर दूर जंगलात तोड पाहायला गेले होते, अंधार पडायच्या आत येणार नव्हते. डॉक्टर नदीच्या पलीकडे. डोंगेवाला घाटावर तयार, पण बाईच्या बाळंतपणाची गोष्ट परक्या पुरुषापुढे तो तोंडातून काढणार नव्हता. त्याच्या हातात चिठ्ठीच द्यायला हवी होती. आणि कागद, दौत, टाक एकट्या मुन्शीजींकडे. म्हणजे मी जगते की मरते हे त्या घटकेला अशा माणसाच्या हातात होतं, ज्यानं जन्मात जेवढी अक्षरं लिहिली त्याच्या तिप्पट रेघा मारल्या होत्या. असा दुसरा माणूस चांदा जिल्ह्यात नव्हता. जगातही नसावा. मी जग पाहिलेलं नाही, पण नसावा.

तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोली हे आमच्या लेखी मोठं गाव होतं. आम्ही राहायचो त्याच्याही पुढे, नदीकाठी, जंगलखात्याच्या लाकूडडेपोवर. आमचे हे नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचे गार्ड. डेपोवर सरकारी घरं दोनच, एक आमचं, एक मुन्शीजींचं. गाड्यांवरून उतरलेल्या सागाच्या ओंडक्यांवर गेरूनं नंबर घालायचे आणि रेंज ऑफिसला कागद पाठवायचे, एवढंच मुन्शीजींचं काम. पन्नाशीचा माणूस, अंगानं काडी, डोक्याला काळी टोपी, कानावर टाक, काखेत रेघा ओढायचा सागाचा रूळ. हा रूळ त्यांनी डेपोतल्याच एका तुकड्याचा कातून घेतला होता. तो ते झोपताना उशाशी ठेवत आणि जेवताना मांडीवर. एकटेच राहत. बायको कधी होती की नव्हती, आम्ही विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्यांचं इंग्रजी कसं होतं ते आधी सांगते. जवळच्या डाकबंगल्याच्या कपाटात कुणा जुन्या साहेबानं टाकून दिलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. मुन्शीजींच्या हाती लागेपर्यंत वाळवीनं तो पुढून खात खात बहुतेक संपवला होता. शिल्लक राहिला तो शेवटचा भाग, यूपासून झेडपर्यंत. मुन्शीजींनी तेवढा पाठ केला. त्यामुळे त्यांना वॉटर यायचं, फूड यायचं नाही. यस्टरडे यायचं, टुमारो यायचं नाही. वाइफ यायचं, हजबंड नाही. येस होतं, पण नो वाळवीच्या पोटात गेलेलं. साहेब इंग्रजीत काहीही बोलला तरी मुन्शीजींना येस म्हणण्याखेरीज मार्ग नसायचा. एकदा नवीन आलेल्या साहेबानं हसत हसत इंग्रजीत विचारलं, की डेपोतली चांगली लाकडं तू रात्री विकतोस म्हणे? मुन्शीजी छाती काढून म्हणाले, "येस सर. व्हेरी." आमचे हे मध्ये पडले म्हणून नोकरी वाचली.

या सगळ्या शब्दांत त्यांचा जीव जडला तो एकावर, अंडरलाइनवर. कोशात त्याचे दोन अर्थ दिले होते, मी माझ्या डोळ्यांनी वाचले आहेत. पहिला, शब्दाखाली रेघ ओढणे. दुसरा, ठासून सांगणे. मुन्शीजी म्हणायचे, "पाहा बाई, इंग्रज कसा हुशार. ओरडाचं काम रेघेवर सोपवून मोकळा झाला." मला काही ते उमजेना, तेव्हा त्यांनी जंगलाच्या भाषेत समजावलं. जंगलात लाइन म्हटली की आम्हाला एकच माहीत, फायर लाइन. उन्हाळ्याआधी गवत आणि पालापाचोळा साफ करून जंगलातून एक उघडा पट्टा काढतात. वणवा धावत येतो आणि त्या पट्ट्यापाशी थांबतो. "तसंच हाय," मुन्शीजी म्हणाले. "साहेबाची नजर कागदावरून वणव्यासारखी पळते. काहीच वाचत नाई. खाली रेघ दिसली का तिथी थांबते." मला ते पटलं. मी चौथीपर्यंत शिकले. मास्तर धड्याच्या नावाखाली रेघ मारायला लावायचे, न मारली तर हातावर छडी द्यायचे, पण रेघ कशासाठी ते चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही. ते मुन्शीजींनी सांगितलं.

तरी माझ्या डोक्यात एक किडा राहिलाच. रेघ मारायची खरी, पण कोणत्या शब्दाखाली? एकदा ते कंदिलाच्या काचेसाठी रेंज ऑफिसला लिहीत बसले होते. वाक्य एवढंच, 'डेपोला आज नवी काच पाहिजे.' मी समोर भाजी निवडत होते. मी विचारलं तसा मुन्शीजींनी रूळ खाली न ठेवता टाक तेवढा कानावर ठेवला आणि म्हणाले, "आता बरोबर प्रश्न विचारला. 'डेपोला'खाली मारली का त्याचा मतलब, दुसऱ्या कोणाले देऊ नोका. 'आज'खाली मारली का, उद्या पाठवून फायदा नाई. 'नवी'खाली मारली का, मागच्यासारखी तडकलेली चालणार नाई. अन् 'काच'खाली मारली का, अख्खा कंदील नोको. वाक्य तेच, भांडणं चार."

मला याची मोठी गंमत वाटली. आठवडाभर मी लोकांच्या बोलण्याखाली मनातल्या मनात रेघा ओढून पाहत होते. आमचे हे जेवताना म्हणाले, "आज भाजी बरी झाली." त्यातल्या 'आज'खाली रेघ आहे हे मला तेव्हा दिसलं, आणि दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना कारण शेवटपर्यंत कळलं नाही. आता ते राहिलेही नाहीत.

मुन्शीजींना मात्र निवड करणं आवडत नसे. चारही शब्दांत दम आहे, मग एकालाच मान कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चारही शब्दांखाली रेघा ओढल्या. लाल शाई ऑफिसातून मिळत नसे, म्हणून ओंडक्यांचा गेरू कालवून बांबूच्या काडीनं ओढल्या. आणि रेघांच्याही त्यांनी पायऱ्या केल्या होत्या. एक रेघ म्हणजे लक्ष द्यावे. दोन म्हणजे आजच्या आज. तीन म्हणजे जिवाचा प्रश्न. काचेला तीन मारल्या. रेंज ऑफिसातला माणूस त्या लाल कागदाकडे नुसता पाहूनच निघाला, डेपो पेटला असं समजून, सायकलच्या हँडलला वाळूच्या दोन बादल्या लटकवून. येऊन पाहतो तर मुन्शीजी ओसरीवर वही चाळत बसलेले. "वाळू काऊन आणली? काच कुठी हाय?" असं त्यांनी त्यालाच विचारलं. त्यानंतर त्यांच्या तीन रेघांना ऑफिसात एका रेघेचीही किंमत राहिली नाही. काच आली ती होळीला.

कागदावर हे असं, तर बोलण्यात त्याहून वरचढ. कोशातला दुसरा अर्थ ठासून सांगणे असा होता, म्हणून मुन्शीजी बोलतानाही रेघा ओढत. अंगणात उभे असले तर रुळाच्या टोकानं धुळीत, ओसरीवर बसले असले तर बोटाच्या नखानं माझ्या सारवलेल्या भुईवर. "यंदा मोह चांगला फुलणार," रेघ. "नाकेदार भोळा माणूस हाय," रेघ. "मीठ कमी खात जा," दोन रेघा. ते उठून गेले की ओसरी नांगरल्यासारखी दिसायची आणि मी शेणाचा गोळा घेऊन बसायची. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "मुन्शीजी, बोला पाह्यजे तितकं, पण हात बांधून बोला." त्यांनी खरोखर हात पाठीमागे बांधले आणि मग तासभर त्यांना एक वाक्य धड बोलता आलं नाही. पाण्यातून काढलेल्या माशासारखं तोंड नुसतं उघडत मिटत होतं. शेवटी मीच म्हटलं, सोडा हात.

टोल्यावरची माणसं त्यांना रेघमुन्शी म्हणत. कुणी मोहफुलं वाळत घातलेली असोत, कुणी डिंक घेऊन आलेला असो, मुन्शीजी बोलायला लागले की पुढचा आधी विचारून घ्यायचा, "किती रेघांची गोष्ट हाय, मुन्शी?" एका रेघेची असली तर तो काम करता करता ऐके, तीन रेघांची असली तर उठून दुसरीकडे जाई. आमच्या यांनी त्यांना एकदा समजावून पाहिलं. "मुन्शीजी, सगळ्याच जंगलात फायर लाइन काढली, तं जंगल कुठी राह्यलं?" मुन्शीजींनी रुळानं धुळीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "वणवा बी नाई राह्यला ना, नाकेदार."

आता डॉक्टरचं. नदीपलीकडच्या गावात सरकारी दवाखाना होता आणि त्यात एक तरुण, फटकळ तोंडाचा डॉक्टर. मुन्शीजींनी त्याला तीन वेळा तीन रेघांची चिठ्ठी पाठवली आणि तीनही वेळा तो डोंग्यात बसून आला. पहिल्या वेळी ओंडके ओढणारा रेडा खात नव्हता. दुसऱ्या वेळी मुन्शीजींना सकाळपासून उचकी लागली होती. डॉक्टरला पाहून ती थांबली, एवढा उपयोग झाला. तिसरी चिठ्ठी वाळवीच्या औषधासाठी होती. कोशाला पुन्हा वाळवी लागली होती. 'वाळवी अर्जंटपर्यंत आली असून व्हेरी धोक्यात आहे. साहेबांनी ताबडतोब यावे.' खाली गेरूच्या तीन रेघा. डॉक्टर आला, त्यानं पुस्तक पाहिलं, मुन्शीजींकडे पाहिलं आणि म्हणाला, "मुन्शी, पुढच्या वेळी तू मेल्याशिवाय चिठ्ठी पाठवू नको." तेव्हापासून दवाखान्यात मुन्शीजींची चिठ्ठी आली की कंपाउंडर ती न उघडता एका खिळ्याला टोचून ठेवी. दुसऱ्या रोजी सवडीनं बघत. डोंगेवाल्यानं हे आम्हाला सांगितलं होतं. मुन्शीजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग चार रेघा माराव्या लागतीन."

हे सगळं डोक्यात ठेवून आता ओसरीवरच्या त्या दुपारकडे या.

चिठ्ठी लिहायला बसल्यावर मुन्शीजींनी आधी बाहेरून विचारलं, "विषय लिहून राह्यलो, बाई. 'नाकेदाराचे कुटुंब अडले असल्याबाबत.' बरोबर हाय?"

दाई माझ्या पोटाला तेल लावत होती. ती म्हणाली, "हा भायेर काय करून राह्यला?"

"लिहून राह्यला."

"इतक्या येळात म्या दोन लेकरं काढली असती."

मग तो रेघेचा प्रश्न आला. 'ताबडतोब' का 'अडली'. मी उत्तर दिलं नाही, कारण कळ आली होती. मुन्शीजी माझ्या ओरडण्यावरून काही समजले नाहीत. ते भिंतीपलीकडून सांगू लागले, की 'अडली'खाली मारली तर रोगाकडे लक्ष जातं, 'ताबडतोब'खाली मारली तर वेळेकडे, आणि खरं पाहता दोन्हीखाली मारायला हव्यात, पण मग 'डॉक्टरसाहेब' हा शब्द उघडा राहतो. गेरू कालवल्याचा आवाज येत होता. काडी वाटीवर टकटक वाजत होती.

मी त्या वेळी काही शहाणपणानं बोलले असं कुणी समजू नये. खिळ्याची गोष्ट माझ्या ध्यानातही नव्हती. माझा जीव जात होता आणि तो माणूस रेघा मोजत होता, एवढंच मला कळत होतं. मी ओरडले, "मुन्शीजी, एक बी रेघ माराची नाई. एक जरी मारली, तं मी मेल्यावर तुमच्या ओसरीवर येऊन बसन."

बाहेर काडीचा आवाज थांबला.

"रेघ नाई मारली तं तो येणार नाई, बाई," मुन्शीजी म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"लिहा. नाकेदाराची बायको अडली हाय. लेकरू आडवं हाय. या. लिहिलं?"

"लिहिलं."

"आता द्या तो कागद."

मग लाकूड भुईवर ठेवल्याचा आवाज आला. डेपोवरच्या दोन वर्षांत त्यांच्या हातून रूळ खाली ठेवल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर धावण्याचा. दाईनं दार किलकिलं करून पाहिलं. "रेघमुन्शी पयून राह्यला," ती म्हणाली. "टोपी पडली त्याची. तरी पयून राह्यला."

नंतरचे तीन तास मी सांगत नाही. बायकांना सांगायची गरज नाही आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. एवढं आठवतं की दाई सारखी एकच गोष्ट म्हणत होती, की जोर लावू नको, जोर लावू नको, आणि मी तिला त्यासाठी शिव्या देत होते. ती माझ्या आजीच्या वयाची होती. तिनं मनावर घेतलं नाही. मध्ये एकदा ती माझे पाय धरून बसली आणि काही बोलली नाही, तेव्हा मला वाटलं की आता आटोपलं.

डॉक्टर आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. डोंगा काठाला लागायच्या आधीच त्यानं उडी मारली होती. दारातच त्यानं विचारलं, "मुन्शी जिवंत आहे का?"

"मी इथी हाय," मुन्शीजी मागून म्हणाले. ते घाटावरच बसून राहिले होते आणि आता त्याच्या मागोमाग धावत आले होते.

डॉक्टरनं पाणी गरम करायला सांगितलं, बाह्या वर केल्या आणि हात धुता धुता बोलला. ते मी ऐकलं, कारण कळ नुकती ओसरली होती. "खिळ्यावर सगळे लाल कागद अन् वर एक पांढरा. मी जेवायला बसून राह्यलो होतो. कंपाउंडरला म्हटलं, हा कोणाचा? तो म्हणे, मुन्शीचा. मी म्हटलं, शक्यच नाही. मुन्शीचा कागद अन् रेघ नाही? म्हणजे तिथं काहीतरी भयंकर झालं आहे. रेघा असत्या तर मी उद्या सकाळी आलो असतो, बाई. खोटं कशाला सांगू."

मग त्यानं दार लावून घेतलं. दाई वरून पोटावर दाबून धरायची आणि डॉक्टर आतून मुलाला वळवायचा. ती गोंडीत काही सांगायची, तो मराठीत काही सांगायचा, दोघांनाही एकमेकांचं कळत असावं. किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. ओसरीवर मुन्शीजी होते. पुढे आमच्या यांनी मला सांगितलं, की ते जंगलातून आले तेव्हा मुन्शीजी हात पाठीमागे बांधून उभे होते आणि समोर रूळ पडला होता. डॉक्टर बाहेर आला तेव्हा मुन्शीजींना मराठी सुचेना. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, येस?"

"येस," डॉक्टर म्हणाला.

"दोघं?"

"येस, येस."

मुन्शीजी ओसरीच्या पायरीवर बसले आणि त्यांना उचकी लागली. या वेळी डॉक्टरला पाहून ती थांबली नाही. पाणी पाजावं लागलं.

दहाव्या दिवशी ते आले. बारशाआधी पुरुषानं बाळंतिणीकडे येऊ नये असं मी मानत नाही. दारात बसायला सांगितलं. त्यांनी मुलीकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "बारीक हाय."

मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जाड होईन." मग मनात होतं ते विचारलं. "मुन्शीजी, तुमचं तर म्हणणं होतं, रेघ नाई मारली तं तो येणार नाई. मंग माहं काऊन ऐकलं?"

ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही म्हणाल्या, मेल्यावर माह्या ओसरीवर येऊन बसन. तिथी एक बसलेलीच हाय, बाई. दोघींले जागा नाई."

त्यांनी पुढे सांगितलं ते तुटक तुटक. तरुणपणी ते दूरच्या एका कॅम्पावर होते. बायको अशीच अडली होती. त्यांनी चिठ्ठी लिहिली होती, साधी, चार ओळींची, चांगल्या अक्षरात. तिथल्या बाबूनं ती बाकीच्या कागदांत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी वाचली. "अक्षर चांगलं होतं माहं," मुन्शीजी म्हणाले. "कोणी म्हणन का अक्षर लागलं नाई, तं तसं नाई. फक्त थांबाले काही नव्हतं त्या कागदावर." हे सगळं सांगताना त्यांचे हात मांडीवर होते. माझी ओसरी त्या दिवशी सारवायला लागली नाही.

याच्यानंतर मुन्शीजी सुधारले असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी रेंज ऑफिसला सुतळी मागितली आणि 'सुतळी'खाली तीन रेघा मारल्या. डॉक्टरला मात्र त्यांनी पुन्हा गेरू लावलेला कागद धाडला नाही. त्याला लिहायचं असलं की रूळ घरी ठेवून यायचे आणि आमच्या ओसरीवर बसून लिहायचे. माझ्याकडून वाचून घ्यायचे. "जास्त तं नाई झालं?" असं विचारायचे. मी एखादा शब्द काढायला सांगितला की तो काढताना त्यांचा चेहरा दात उपटल्यासारखा होई, पण काढत. माझी मुलगी बोलायला लागली तेव्हा तिला त्यांनी पहिला शब्द शिकवला तो येस. नो मी शिकवला. मुलीच्या जातीला तो आधी यायला पाहिजे.

दोन वर्षांनी त्यांची बदली सिरोंच्याकडे झाली. जाताना त्यांनी कोश माझ्या मुलीला दिला. वाळवीनं तोवर व्हिलेजपर्यंत मजल मारली होती, म्हणजे अंडरलाइन हा शब्दही गेलेला. मी म्हटलं, "तुमचा शब्दच नाई राह्यला यात." ते म्हणाले, "माह्यापाशी हाय," आणि रुळानं अंगणात दोन रेघा ओढून बैलगाडीत बसले. त्या रेघा मी झाडल्या नाहीत. कोंबड्यांनी उकरून टाकल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं. त्यांच्या जागी आलेल्या मुन्शीनं लिहिलं होतं, की आपल्या ओळखीचे अमुक अमुक तापानं वारले, सामानात आपला पत्ता सापडला म्हणून कळवीत आहे. चार ओळी, अक्षर चांगलं, रेघ एकही नाही. मी मुलीच्या दप्तरातून पेन्सिल काढली आणि त्यांच्या नावाखाली रेघ मारली. एकच मारली. जास्त मारल्यानं काय होतं ते मला माहीत आहे.

ती पांढरी चिठ्ठी डॉक्टरनं बदली होऊन जाताना मला दिली होती. पोस्टकार्ड तिच्याबरोबरच ठेवलं आहे, कोशाच्या उरलेल्या पानांत. मुलगी आता साठीला आली आहे, चंद्रपूरला असते. एकदा तिनं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "एवढंच लिहिलं होतं?" मी म्हटलं, एवढंच.

त्यांची बायको वाचली नव्हती. मी वाचले. मुलगी वाचली.